रद्द केलेली ट्रिप

"फरशीवर रक्त सांडू नको," हवालदार म्हणाला. "तिकडं भिंतीला उभा राहा."

भरदुपारची वेळ होती. माझ्या कानामागून रक्त गळत होतं. मी बाइक टॅक्सी चालवतो. पूर्ण्याच्या स्टँडवरून एक प्रवासी अंजूरला निघाला होता. गोडाऊनच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर तो म्हणाला, "अंकल, बस, इधर रोको." तिथे दुसरा उभा होता. मागच्याने गळा आवळला, पुढच्याने हेल्मेट ओढून रॉड मारला. गाडी नेली. पाकीट नेलं. फुटका मोबाइल तेवढा राहिला.

चौकीत माझ्यामागून एक गोडाऊनमालक आला. त्याच्या कारचा आरसा कुणीतरी तोडला होता. त्याला खुर्ची मिळाली, चहा आला. मी भिंतीला.

मग टेबलामागच्या फौजदार साहेबांनी माझं आडनाव विचारलं. ते ऐकून वस्ती विचारली. ती सांगितल्यावर माझ्याकडे बघायचंच सोडलं.

"पॅसेंजर दाखव मोबाइलमध्ये."

मोबाइल दाखवला. अ‍ॅपमध्ये ट्रिप रद्द.

"म्हणजे पॅसेंजरच नव्हता. विम्यासाठी गाडी विकलीस ना? तुमच्या वस्तीतली नाटकं नवीन नाहीत आम्हाला."

आमच्या स्टँडवर रीतच होती. प्रवासी बसला की ट्रिप रद्द करायची, भाडं रोख घ्यायचं, कंपनीचं कमिशन वाचवायचं. मीही तेच केलं होतं. याआधी बावीस वर्षं गोडाऊनमध्ये मालाच्या याद्या ठेवल्या. एक खोकं नोंदीशिवाय बाहेर सोडलं नाही. आणि पाठीमागे जिवंत माणूस बसवून त्याची नोंद स्वतःच्या अंगठ्याने पुसली.

हवालदाराने कागद पुढे केला. 'गाडी गहाळ झाली.'

"सही कर नि नीघ."

बायको दारात आली होती. "करा हो सही. आधी दवाखान्यात चला."

सही करावीशी वाटली. डोकं गरगरत होतं.

"करणार नाही, साहेब. ट्रिप मी रद्द केली, ती माझी चूक. तीही लिहा. पण गाडी मला मारून नेलीय. जबरी चोरी लिहा."

"कायदा शिकवतो काय?"

"लिहा."

अंधार पडेपर्यंत उभा राहिलो. शेवटी त्यांनी लिहिलं. मग टाके घालायला गेलो.

ते दोघे अजून सापडले नाहीत. आता मेहुण्याची गाडी चालवतो. मागे कुणी नसतानाही सीट दबल्यासारखी वाटते. आरशात बघतो. रिकामी. पुन्हा बघतो. परवा मुलीने मागून गळ्यात हात टाकले. मी तिला ढकलून दिलं. तेव्हापासून ती आधी हाक मारते, मग जवळ येते. तेच जास्त लागतं.

स्टँडवर गाड्यांची पाळी मी लावतो, म्हणून मला मास्तर म्हणतात. तिथे मी कागद चिकटवला. ट्रिप रद्द करायची नाही. निघण्याआधी प्रवाशाचं नाव आणि ठिकाण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं. कच्च्या रस्त्याला आत शिरायचं नाही, वर्दळीतच उतरवायचं. हत्यार दिसलं तर चावी देऊन टाकायची.

"मास्तर, कमिशन तुम्ही भरनार काय?" एकाने विचारलं.

"आणि मागं बायको बसली तर? तिचं पन नाव टाकायचं ग्रुपवर?" दुसरा.

सगळे हसले. मी हसलो नाही.

ज्याला ट्रिप रद्द करायची सवय सोडवत नाही, त्याची गाडी या स्टँडवर मी लागू देणार नाही. शिव्या खाईन. मला खोटं ठरवायची सोय पोलिसांना मीच करून दिली होती. यापुढे इथून कुणी ती सोय करून देणार नाही.