ऑर्किडचं बाळंतपण

फुलसावंगीत आमच्या शेजारी राहणाऱ्या इंदूबाईंनी अर्ध्या गावातल्या बाळंतिणींची उठबस केली आहे. मी नाटकमंडळीत मिशी उतरवून उभी हयात राणीची कामं केली, दरबारात प्रवेश कसा करावा हे मला कळतं. पण शेगडी हातात घेऊन इंदूबाई बाळंतिणीच्या खोलीत शिरायच्या, तसा प्रवेश मला कधी साधला नाही. सासवा उठून उभ्या राहायच्या.

आता त्यांना कोणी बोलवत नाही. बायका दवाखान्यात बाळंत होतात, घरी येऊन पंख्याखाली झोपतात, आणि शेगडीचं नाव काढलं की त्यांचे नवरे मोबाइलवर कसलंसं वाचून दाखवतात. इंदूबाईंची सगळी आशा सुनेवर होती. अर्पिता यवतमाळला बँकेत आहे. तिला आई नाही, पण नागपूरची एक मावशी तिला आपल्याकडे बोलावत होती, एसीच्या खोलीसकट.

सातव्या महिन्याची ओटी फुलसावंगीत भरली. बँकेतल्या मैत्रिणींनी ऑर्किडची कुंडी भेट आणली. एका काडीवर ओळीनं जांभळी फुलं, नाटक संपल्यावर सगळी पात्रं नमस्काराला उभी राहतात तशी. यवतमाळच्या फ्लॅटवर दिवसभर ऊन, म्हणून अर्पितानं कुंडी इथंच ठेवली.

निघताना इंदूबाईंनी तिचा हात धरला. "बाळंतपणाले इथंच ये वं माय."

"बघू आई," अर्पिता हसून म्हणाली. "आधी हे झाड सांभाळून दाखवा."

तिनं गंमत केली. इंदूबाईंनी ती परीक्षा मानली. महिनाभरानं फुलं एकेक करून गळायला लागली, तेव्हा त्यांनी मला कुंपणावरून अशी हाक मारली की मी चप्पल न घालताच धावलो.

पुंडलिकराव, म्हणजे त्यांचे यजमान, कुंडीपुढे बसून होते. त्यांचं सगळं आयुष्य कपाशीत गेलेलं. "फुलं संपली, काडी राह्यली," ते म्हणाले. "कापूस वेचलेली पऱ्हाटी झाली थे. उपटा अन् चुलीत घाला."

"तुमच्या तोंडाले काही हाड हाय का?" म्हणत इंदूबाईंनी सुनेला फोन लावला.

"घाबरू नका आई, फुलं गळतातच," अर्पिता म्हणाली. "खालून दुसऱ्या गाठीच्या जरा वर काडी कापा. मग त्याला विश्रांती पाहिजे. कडक ऊन नको, वारं नको, आठवड्यातून एकदाच पाणी. दोन-तीन महिन्यांत पुन्हा फुलेल."

इंदूबाईंनी फोन ठेवला. पडदा वर जाताना नटाचा चेहरा उजळतो, तसा तो उजळला होता.

"भाऊजी, ऐकलं का? ऊन नको, वारं नको, इसावा पायजे. हे झाड नोहे. हे बाळंतीण हाय!"

त्यांनी कुंडीत बोट घालून पाहिलं. माती नव्हतीच. नारळाच्या शेंड्या, झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसे. "पाहा! शेगडीचे कोयसे संगंच घेऊन आली बिचारी."

त्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. नवं ब्लेड उकळलं. काडीला दुसऱ्या गाठीवर दोरा बांधला. मला काडी धरायला लावलं, आणि राणीच्या भूमिकेत तीन राज्यं गमावूनही न रडलेल्या मी मान फिरवली. कापलेल्या जागेवर हळद दाबली. पुंडलिकराव दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं.

मागच्या खोलीत, खिडकीला जुनं लुगडं लावून, कुंडी पाटावर बसवली. कुंडीचं पोट मऊ फडक्यानं बांधलं. पाटाखाली विळा ठेवला. आठवड्यातून एकच आंघोळ हे इंदूबाईंना पटेना, पण सुनेचा शब्द मोडवेना, म्हणून त्या रोज ओल्या फडक्यानं पानं पुसून त्याला मालिश म्हणायच्या. डिंकाचे लाडू केले. बाळंतीण खाणार नाही हे त्यांनाही दिसत होतं, पण तिच्या वाटचे कोणीतरी खायलाच हवेत, असा त्यांचा नियम. ते मी आणि पुंडलिकरावांनी खाल्ले. पुंडलिकरावांची पँट बसेनाशी झाली.

तांड्यावरच्या हंसाबाई झबलं-टोपडं घेऊन भेटायला आल्या. कुंडीकडे बराच वेळ पाहून त्यांनी हळूच विचारलं, "लेकरं कुठं हायेत?"

"नांदाले गेले सारे," इंदूबाई म्हणाल्या.

हंसाबाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि टोपडं काडीवर ठेवलं. ते नेमकं बसलं.

फक्त धुरीनं घात केला. ओवा, बाळंतशेपा टाकून इंदूबाईंनी निखारे खोलीत ठेवले, दार लावलं. संध्याकाळी पाहिलं तर पानं लोंबलेली. इंदूबाई तिथंच जमिनीवर बसल्या. "सून आता येत नाई," एवढंच म्हणाल्या. मग उठून त्यांनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि लुगडं थोडं बाजूला सारलं.

नववा लागला तेव्हा इंदूबाईंचा मुलगा अक्षय अर्पिताला घेऊन आला. गाडीत बॅग होती. नागपूरला जाण्याआधी सासूला भेटायचं ठरलं होतं. अर्पिता सरळ मागच्या खोलीत गेली. टोपडं, फडकं, विळा पाहून ती इतकी हसली की अक्षयला तिला धरावं लागलं. मग ती वाकली. पानांखालून एक नवं मूळ बाहेर आलं होतं, टोकाला हिरवं.

"धुरी पण दिली का हिला?"

इंदूबाईंची मान खाली गेली. "देल्ली एक दिवस. पानं गयाठले. म्हटलं, इले सोसत नाई. बंद केली."

"अवं, तुले सांगतो अर्पिता," पुंडलिकराव म्हणाले, "चाळीस वर्सांत हिनं धुरी बंद नाई केली. माह्या बहिणी खोकून-खोकून बेजार झाल्या, तरी नाई."

अर्पिता हसायची थांबली. "आणि मला नाही सोसली तर?"

"तू तं बोलशीन माय," इंदूबाई म्हणाल्या. "थे तं मुकं व्हतं."

अर्पितानं काडीवरचं टोपडं सरळ केलं. मी इतकी वर्षं रंगमंचावर काढली, पण वाक्याआधी असा थांबा मला कोणत्याही प्रयोगात घेता आला नव्हता.

"अक्षय, बॅग उतरव," अर्पिता म्हणाली. "आणि मावशीला फोन कर. आई, मग ही खोली माझी ना?"

इंदूबाईंनी कुंडीकडे पाहिलं, सुनेच्या पोटाकडे पाहिलं, आणि दरबारात निवाडा द्यावा तसा दिला.

"तुले अजून टाइम हाय. इचा सव्वा महिना भरू दे. तवर तू पुढच्या खोलीत नीज."