सेतुराव सरांचा उजवा हात

मोठ्या माणसाभोवती किस्से साचतात ते मुतखड्यासारखे. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण एकदा बाहेर पडायला लागले की थांबत नाहीत.

आमच्या कुंभकोणमच्या हॉस्पिटलातले सेतुराव सर म्हणजे या पट्ट्यातले पहिले मेंदूचे सर्जन. मी त्यांची ज्युनिअर. पाच वर्षं शेजारी उभी राहून ओरडा खाल्लाय, तेव्हा हे सांगायचा हक्क मला आहेच.

*

सरांनी सुरुवात केली तेव्हा डोकं उघडणार म्हटल्यावर लोक पळायचे. तिरुवलंचुळीचा एक विणकर ऑपरेशनच्या सकाळी नातेवाइकांसकट गायब! दुपारी सगळे परत हजर. पेशंटचं डोकं चकचकीत, वर चंदनाचा लेप. केस नाहीतरी जाणारच, मग वाया का घालवा, म्हणून मंडळी आधी स्वामीमलैच्या देवाला ते वाहून आली होती.

सिस्टर भडकल्या. सर म्हणाले, "देवानं त्याचं काम केलं. आता चंदन धुवा, म्हणजे मी माझं करतो!"

*

ज्युनिअरला सर टाक्यांच्या गाठी मारायला स्वतः शिकवत नाहीत. गेटबाहेर फुलं विकणाऱ्या पोन्नम्माकडे पाठवतात. केळीच्या धाग्यानं मोगऱ्याच्या कळ्या बांधायच्या. गाठ घट्ट हवी आणि कळी चुरगळता कामा नये.

मी गोल्ड मेडल मिळवून आलेली! पोन्नम्मानं माझा गजरा उचलून गिऱ्हाइकांच्या सगळ्या रांगेला दाखवला आणि गेटातून येणाऱ्या सरांना ओरडून म्हणाली, "डॉक्टर, ही पोरगी कळ्या बांधत नाही, फाशी देते!"

महिनाभर मला थिएटरची पायरी बंद.

*

सर आणि मी, दोघंही तंजावरी मराठी घरातले. म्हणून मला शिव्या मराठीतून, म्हणजे इतरांना कळू नयेत. पुण्याहून एक सर्जन आले होते. ते हे ऐकून हसले. "अहो, हे तर तीनशे वर्षं जुनं मराठी!"

सर शांतपणे म्हणाले, "होय. तुमचं ताजं दिसतं. अजून शिजायचं आहे काय?"

*

मग सरांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी कॉफीचा पेला खालच्या पसरट वाटीत वाजायचा. मग मायक्रोस्कोपखाली दिसलं. तिथं केसाएवढी थरथरही भूकंप वाटते, आणि ती भिंतीवरच्या स्क्रीनवर अख्ख्या थिएटरला दिसत होती. लगेच भूल देणारे डॉक्टर मॉनिटरचे आकडे पाठ करू लागले. सेल्वी सिस्टरना छत आवडायला लागलं.

सर बाहेर गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "एसी फार थंड आहे हो."

दुसऱ्या दिवशी एसी कमी केला. आम्ही सगळे घामाघूम, आणि हात थरथरतोच! मग दोष कॉफीवर गेला.

*

मी कँटीनमध्ये भाषणच ठोकलं. "पेशंट मोठा की भक्ती मोठी? एवढे शिकलेले आपण, आणि एकाच्याही तोंडातून शब्द निघत नाही! लाज वाटली पाहिजे!"

सगळ्यांना पटलं. "अगदी बरोबर. तूच सांग," असं म्हणून उरलेले वडे संपवून सगळे पळाले.

मी सांगणारच होते. फक्त योग्य वेळ बघत होते.

*

तेवढ्यात मॅनेजमेंटनं सरांचा सत्कार ठेवला. त्यांच्या नावावर पेशंट येतात, तेव्हा आणखी पाच वर्षं त्यांनीच ऑपरेशनं करावीत, असं स्टेजवरूनच जाहीर केलं. अध्यक्ष म्हणाले, "असा स्थिर हात कावेरीकाठी दुसरा नाही!"

त्याच वेळी सरांच्या हातातला सत्काराचा पितळी नटराज टेबलावर टकटक वाजत होता. तो ऐकू येऊ नये म्हणून आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या की अध्यक्षांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं!

*

पुढची केस पापनाशमच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंची होती. गाठ वाचेच्या केंद्राला चिकटलेली. आदल्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले आणि एका दमात म्हणून टाकलं, "सर, उद्या तुम्ही करू नका. तुमचा हात थरथरतो."

सरांनी पेला खाली ठेवला. "कधीपासून पाहते आहेस?"

"तीन महिने."

"तीन महिन्यांत केसेस किती झाल्या?"

"अकरा." सगळे पेशंट चालत घरी गेले होते, हे नशीब.

"त्या अकरा वेळा टेबलापलीकडे कोण उभं होतं?"

"मी, सर."

सरांनी उद्याची यादी ओढली आणि स्वतःच्या नावावर काट मारली. मी पेन पुढे केलं. माझं नाव लिहायला त्यांना सोपं जावं म्हणून! त्यांनी ते घेतलं नाही, फोन उचलला. "बाईंना आजच तिरुचीला पाठवायचं. तिथल्या सर्जनशी मी बोलतो."

"पण सर, मी करते ना! माझा हात स्थिर आहे!"

"आहे की," सर नंबर फिरवत म्हणाले. "माझा हात थरथरतो. तुझी जीभ. उद्या दोघांनाही सुट्टी."