तोंडातलं काम

"पट्टी माझ्याकडे द्या. मी धरते. तुम्ही तिकडूनच सांगा," मुलीची आई म्हणाली.

तिकडून म्हणजे दाराजवळून.

वर्ध्याच्या एका खासगी शाळेत मी मुलांचे उच्चार सुधारते. चाळिशी उलटलेली बाई आरशासमोर जीभ काढते, गाल फुगवते, माकडासारखी तोंडं करते, आणि वर पगार घेते. असं सुखाचं काम. ही मुलगी दुसरीतली. 'क'च्या जागी 'त' म्हणायची. कावळ्याला तावळा. वर्ग हसायचा, म्हणून तिनं वर्गात बोलणंच सोडलं होतं. उपाय साधा. जिभेचं टोक लाकडी पट्टीनं हलकेच खाली दाबायचं आणि 'क' म्हणायला लावायचं. हातमोजे नवे, पट्टी नवी. हात मात्र कसलेला हवा.

थोड्या वेळापूर्वीपर्यंत आई गोड होती. माझ्या आडनावावरून तिला काही उमगेना. गाव विचारलं. सिंदी रेल्वे, म्हटलं. सिंदीत कुठे? बुद्धविहाराच्या मागे. झालं. चेहरा असा पालटला की नाटक कंपनीनं हेवा करावा.

"हातमोजे आहेत हो," मी म्हटलं.

"असू द्या. तोंडातलं काम आहे."

आईनं बोलावलं तसे मुख्याध्यापक आले. माझ्याकडे न बघता त्यांनी माझी खुर्ची दाराशी सरकवली. "मॅडम, जरा सांभाळून घ्या. मोठं घर आहे."

मी बसले. स्टेशनवरच्या घोषणेसारख्या सूचना देत राहिले. आईनं पट्टी घातली ती थेट घशापर्यंत. पोरगी ओकली. वर पाठीत धपाटा. "तुझ्यापायी कोणाकोणासमोर बसावं लागतं."

पोरीनं ओठ गच्च मिटले. जिचं तोंड उघडायला मला ठेवलंय, तिचं तोंड माझ्या डोळ्यांदेखत बंद झालं.

उठले. हातमोजे काढले. उघड्या हातानं तिचं तोंड पुसलं.

"बाई, पट्टी खाली ठेवा. लेकराले मारून राह्यल्या तुम्ही. बाहेर बसा."

मुख्याध्यापक पुटपुटले, माफी मागा, नाही तर सावंगीच्या दवाखान्यातून दुसरी बाई बोलावतो.

"बोलवा. पण आधी तिचं गाव, मोहल्ला विचारून घ्या. अन् मले काऊन काढलं, ते पालकसभेत माइकवर सांगा. तुम्ही नाई सांगितलं तर मी सांगीन."

आई मुलीला ओढत घेऊन गेली. पोरगी परत येईल की नाही, ठाऊक नाही. आली तर माझ्याच हातानं शिकेल. दाराशी बसून मी कोणाच्याही लेकराला शिकवणार नाही.

पालकसभा शनिवारी आहे. मी पहिल्या रांगेत बसणार.