बिजलीबाईच्या नाकाचा दावा

तांड्यात नाकानं कांदे सोलणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण नाकाच्या जोरावर नाव कमावलेली बाई एकच, बिजलीबाई. आर्णीपासून दोन कोसांवरच्या त्या तांड्यात कुणाच्या घरी काय शिजतंय हे तिला रस्त्यावरून कळायचं, पण ते कुणालाही कळतं. तिचं वेगळंच होतं. वेचून आणलेल्या कापसाच्या गंजीजवळून ती नुसती गेली तरी थबकायची आणि म्हणायची, "आत ओल हाय. पसरवा, नाई तं गरम होईन." पसरवला की मधला कापूस खरंच कोमट निघायचा. तुरीच्या कणगीत कीड धरायच्या आधी तिला सुगावा लागायचा. तान्ह्या पोराच्या टाळूला नाक लावून उद्या ताप येणार की नाही हे ती आज सांगायची, आणि तांड्यातल्या बाया आर्णीचा डॉक्टर गाठायच्या आधी तिचा उंबरा गाठायच्या.

तिचा नवरा भावसिंग. सहा एकर कापूस-तूर, तोंडात बिडी आणि स्वभाव हेकट. बिडी सोडल्याची शपथ त्यानं देवीसमोर तीनदा घेतली होती. नाल्यापलीकडे जाऊन एक ओढायची, कडुनिंबाचा पाला चावायचा, तोंड धुवायचं, मग घराकडे वळायचं, असा त्याचा बंदोबस्त. उंबऱ्यात पाय पडतो न पडतो तोच आतून आवाज यायचा, "किती ओढल्या?" या नाकाचं त्याला कौतुक होतं आणि धाकही होता. चाळीस वर्षांच्या संसारात कौतुक त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही, कारण आपल्याकडे नवऱ्यांची ती रीतच नाही.

बिजलीबाई जुन्या वळणाची. सून वर्षा साडी नेसायची, पण बिजलीबाईची फेटिया-कांचळी, ती बंजारी घागरा-चोळी, सुटली नव्हती. दोन्ही कानशिलांवर केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या होत्या, बोराएवढ्या, झुबक्यानं लोंबणाऱ्या. ती चालली की त्या छुनछुन वाजायच्या. लग्नात जाणत्या बायांनी त्या बांधल्या होत्या आणि बाईच्या केसांतून त्या एकदाच सुटतात, नवरा गेला म्हणजे. हे तांड्यातल्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं.

दोन वर्षांपूर्वी कापसाची वेचणी चालू असताना भावसिंग तिला मोटरसायकलवर मागे बसवून आर्णीच्या बाजारातून परत येत होता. वळणावर मागून आलेल्या मालाच्या टेम्पोनं धक्का दिला. भावसिंग बाभळीच्या काट्यांत पडला आणि ओरखड्यांवर निभावलं. बिजलीबाई एका बाजूला पाय सोडून बसली होती, ती मागच्या मागे डांबरावर आपटली. घटकाभर तिला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली, भडाभडा ओकली आणि तिनं पहिलं काय विचारलं असेल तर, "भाजीची पिशवी कुठं हाय?"

यवतमाळच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन करायला सांगितला. यंत्र चालवणारा म्हणाला, "मावशी, हे चांदीचं सगळं काढून ठेवा. धातू असला की फोटो नीट येत नाही."

डोकं गरगरत होतं तरी बिजलीबाई उठून बसली. "माहा माणूस जिता हाय. हा काय, समोर उभा हाय. कायले काढू?"

बरंच समजावलं. शेवटी त्यांनी एक कागद पुढे केला, त्यावर लिहिलं होतं की रुग्णानं स्वतःहून स्कॅनला नकार दिला. बिजलीबाईनं त्यावर अंगठा उठवला. भावसिंग शेजारी उभा होता आणि त्याची छाती फुगली होती. आपल्या नावासाठी बायको डॉक्टरांशी भांडते याचा त्याला कोण अभिमान! माणूस किती मूर्ख असू शकतो, त्याचा तो नमुना होता.

दोन दिवसांनी घरी आले. डोक्याला साधी खोकसुद्धा नव्हती, फक्त मागे टेंगूळ, तेही आठवड्यात बसलं. पुढच्याच आठवड्यात भावसिंग बिडी ओढून घरात शिरला आणि आतून काही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पाला चावायचं सोडलं. 'पडल्यापासून बाई निवळली,' असं त्यानं मनाशी ठरवलं आणि खुशाल अंगणात बसून ओढू लागला. मधेच एकदा ती म्हणाली होती, "मले वास येत नाई." तो म्हणाला, "सर्दी असंन." विषय संपला. दूध करपलं, आंबलेलं वरण ताटात आलं, तेव्हा तो खेकसला, "ध्यान कुठं असते वो तुहं?" तिनं ताट उचलून नेलं.

एका सकाळी वर्षा स्वयंपाकघरात गेली तर गॅस उघडा, घरभर वास कोंदलेला आणि सासू मधोमध बसून काडीपेटी शोधतेय. वर्षानं तिला हाताला धरून बाहेर ओढलं. दोघी अंगणात धापा टाकत बसल्या.

"याडी," वर्षा सासूला आईच म्हणायची, "तुले एवढा वास आला नाई?"

"कायचाच येत नाई. पडली तवापासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं व्हतं," बिजलीबाईनं भावसिंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ज्याले सांगाचं त्याले सांगतलं व्हतं."

भावसिंगाच्या हातात त्या वेळी बिडी होती. ती त्यानं पायाखाली चिरडली, पण आता त्याचा काय उपयोग.

वर्षा शिकलेली पोर. तिनं कुणाकुणाला विचारून यवतमाळच्या कोर्टात वकिली करणाऱ्या बाभुळगावच्या अर्पिताताईंना गाठलं. अपघाताची पोलिसांत नोंद होतीच. डोक्याच्या इजेसाठी नुकसानभरपाईचा दावा लागला आणि तारखा पडू लागल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा समोरचे वकील आजारी, एकदा फाइलच सापडेना. भावसिंग दर तारखेला गाडी भरधाव चालवणाऱ्याला शिव्या घालायचा. बिजलीबाई मात्र कुणालाच शिव्या देत नव्हती. तिला एकच हवं होतं, डोक्यात काहीतरी तुटलंय हे कुणीतरी खरं मानावं.

साक्षीच्या दिवशी विमा कंपनीचे वकील मोठ्या आदबीनं बोलले. अशा माणसांचीच भीती वाटते.

"बाई, हा अंगठा तुमचाच ना? स्कॅन तुम्हीच नाकारला. डोक्याला खरंच मार असता तर कुणी नाकारेल का? आणि समजा, वास येत नाही. त्यानं अडलं काय? शेतात जाता, स्वयंपाक करता, चालता, फिरता."

बिजलीबाई पिंजऱ्यात ताठ उभी होती. "साहेब, मले नात झाली पाच महिन्यांपयले. तिच्या टाळूले नाक लावते तं दगडाले लावल्यावानी लागते. आता तुमीच सांगा, काय अडलं थे."

समोरच्या वकिलांनी कागद चाळले. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मग हुकूम दिला, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मंडळानं तपासावं, स्कॅन करावा. अर्पिताताईंनी तिच्या कानशिलांकडे बोट दाखवून हळूच सांगितलं की हे काढावं लागेल.

"मंग राहू द्या तो दावा," बिजलीबाई म्हणाली आणि छुनछुन वाजत बाहेर निघून गेली.

अर्पिताताईंनी कपाळाला हात लावला. "काका, समजवा त्यांना. त्या एका अंगठ्यावर ते केस उडवतील."

कोर्टाच्या आवारात ती कडुनिंबाखाली बसली होती. भावसिंग शेजारी टेकला आणि मोठ्या उदारपणानं म्हणाला, "काढ. माही परवानगी हाय."

"तुही परवानगी मागतली कोनं?"

पुढचं तिनं रस्त्याकडे बघत सांगितलं. "चाळीस वर्सं मी डोये मिटून पडली तरी मले समजे का तू घरात हाय. तुह्या घामाचा वास, मातीचा, त्या मुडद्या बिडीचा. आता तू बाजूले येऊन निजतं तरी खाट खाली लागते. माह्या नाकासाठी तू त्याच दिवशी गेला, रोडावरच. ह्या घुगऱ्या वाजतात तवा मी मनाले सांगते का नाई, हाय तो. जिता हाय. त्याबी काढू म्हनतं तू?"

 अंगणात ऐटीत बसून ओढलेल्या एकेक बिडीचा धूर भावसिंगाच्या डोळ्यांपुढे आला. तिच्यापासून सुटका झाली म्हणून तो सुखात होता, तेव्हा ती रोज विधवा होऊन उठत होती आणि रोज या चांदीच्या आवाजावर स्वतःची समजूत घालत होती. एवढं मोठं दुःख घेऊन या बाईनं दोन वर्षं भाकरी थापल्या! त्याला तिच्याकडे मान वर करून बघायची हिंमत होईना.

"मी काय करू, तू सांग," एवढंच तो म्हणाला.

तपासणीची तारीख आली त्या सकाळी ती स्वतःच तयार होऊन बसली होती. तिनं काय ठरवलं ते कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. दवाखान्यात बाकावर बसल्यावर तिनं ओढणी मागे केली आणि म्हणाली, "सोड."

वर्षा पुढे झाली. तिनं पर्समधून कात्री काढली.

"तू नाई. त्यानं सोडाचं. आन् कापाचं नाई."

भावसिंगानं कापसाची बोंडं वेचणाऱ्या त्या जाड बोटांनी गाठी सोडवायला घेतल्या. वर्षानुवर्षांच्या तेलानं दोरा दगड झाला होता. अर्धा तास लागला. दोन्ही झुबके निघाले तेव्हा कानशिलांवर दोन पांढुरके पट्टे उघडे पडले. चाळीस वर्षांत त्या जागेला ऊन लागलं नव्हतं. लग्नातल्या पोरीची कातडी तिथं तशीच होती, सुरकुती नाही, डाग नाही. भावसिंग बघतच राहिला. देवळात गाभाऱ्याचं दार उघडावं आणि पाऊल आपोआप मागे यावं, तसं त्याला झालं.

बिजलीबाईनं घुगऱ्या त्याच्या ओंजळीत टाकल्या. "भाईर बसून वाजवत राह्य. आवाज थांबला तं मी यंत्रातून उठून येईन, सांगून ठेवते."

दार लागलं. भावसिंग दाराला खेटून बसला आणि वाजवू लागला. एरवी बायकोची पिशवी हातात धरायला लाजणारा माणूस! सगळा व्हरांडा त्याच्याकडे बघू लागला. शिपाई आला, "बाबा, हा दवाखाना आहे, बंद करा ते." भावसिंगानं मान हलवली आणि आणखी जोरात वाजवलं. ढाणकीकडच्या कुठल्याशा तांड्यातली एक म्हातारी समोरच्या बाकावर होती. तिनं आत जाणाऱ्या बिजलीबाईची मोकळी कानशिलं पाहिली होती, त्याच्या हातातल्या घुगऱ्या ओळखल्या आणि ओढणी तोंडाला लावून गहिवरली, "कवा गेला वो बापू, तिचा माणूस?"

"मीच तिचा माणूस हाव," भावसिंग म्हणाला आणि हात थांबू दिला नाही.

पाच-सात मिनिटांचं काम, पण त्याला तो पुरा पावसाळा वाटला. मनगट भरून आलं, तेव्हा हात बदलला.

नंतर डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडावर धरली आणि दोघांना जवळ बोलावलं. कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या जरा वर, दोन काळपट डाग होते.

"मावशी मागच्या बाजूला पडल्या," डॉक्टर म्हणाले, "पण आतला मेंदू पुढे येऊन हाडावर आदळला. त्याची ही खूण. नाकातून मेंदूकडे वासाच्या तारा जातात, केसाहून बारीक. त्या झटक्यात तुटल्या असणार. आता परत जुळायच्या नाहीत. ही इजा जुनी आहे, आणि खरी आहे."

भावसिंगानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एवढ्याशा दोन डागांत कापसाची गंजी होती, तुरीची कणगी होती, नातीची टाळू होती, आणि तो स्वतः होता. केसाहून बारीक तारांवर एवढं सगळं टांगलेलं होतं, आणि आपण म्हणालो, सर्दी असेल. त्यानं फिल्मसमोर हात जोडले. डॉक्टरांना वाटलं, त्यांनाच जोडले.

दावा मंजूर झाला. मागितलं त्याहून कमी मिळालं, ते सोडा. निकालात एक ओळ होती की अर्जदाराच्या मेंदूस कायमची इजा झाल्याचं सिद्ध होतं. बिजलीबाईनं ती ओळ अर्पिताताईंकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा ऐकताना ती रडली, आणि दोन वर्षांत ती पहिल्यांदाच रडली होती.

घुगऱ्या त्याच दिवशी दवाखान्याच्या बाकावर परत बांधल्या गेल्या होत्या, भावसिंगाच्याच हातानं. गाठी ओबडधोबड आल्या, अजून तशाच आहेत. पण डावीकडच्या झुबक्यात एक घुगरी कमी आहे. ती त्यानं मागून घेतली आणि आपल्या काठीला बांधली. आता तो शेतातून निघाला की नाल्यापासून छुनछुन ऐकू येते. पोरं मागे लागतात, पारावरचे म्हातारे हसतात, "भावसिंगा, पायात पैंजण कवा घालतं?" तो सरळ घराकडे चालत राहतो.

उंबऱ्याशी काठी दोनदा आपटतो. आतून आवाज येतो, "किती ओढल्या?"

वास तर तिला येत नाही. तो काहीही सांगू शकतो.

"दोन," भावसिंग म्हणतो, आणि दोनच असतात.