निवाऱ्यावर भाजलेली वांगी

माझ्या मुलीची कलाकृती मी स्वतःच्या हातांनी पेटवली, आणि तिच्यावर भाजलेली वांगी उत्कृष्ट झाली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या घरात मात्र फक्त पहिलीचीच चर्चा होते.

मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत अभिलेख कक्ष सांभाळतो. (म्हणजे जुन्या फायलींच्या शेजारी बसतो.) सव्वीस वर्षांत माझ्या ताब्यातला एक कागद हरवलेला नाही. साहेब बदलले, कपाटं बदलली, उंदरांच्या पिढ्या बदलल्या; कागद जागेवर! त्यामुळे ‘लक्ष ठेवा’ असं कुणी म्हटलं की माझी छाती आपोआप पुढे येते. त्या दिवशी ती जरा जास्तच पुढे आली.

आमची ऋतुजा तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. जळगावला विद्यापीठाच्या आवारात युवक महोत्सव होता आणि मांडणशिल्पासाठी तिची निवड झाली होती. मांडणशिल्प म्हणजे मिळतील त्या वस्तू अशा मांडायच्या की बघणाऱ्याने थांबून विचार करावा. (मी घरात वस्तू मांडतो त्याला पसारा म्हणतात.) आधीची दोन वर्षं तिची निवड थोडक्यात हुकली होती. यंदा पहिला नंबर आला तर थेट राज्याची स्पर्धा! महिनाभर पोरगी नीट जेवली नव्हती. आणि ‘या काड्याकुड्यांनी पोट भरतं का?’ असं तीन वर्षं विचारणाऱ्या बापाला ती पहिल्यांदाच म्हणाली होती, “पप्पा, एकदा येऊन बघा तरी.”

म्हणून मी रजा टाकली, इस्त्रीचा सदरा घातला आणि गेलो. बायको आदल्या दिवशीच सावद्याला तिच्या भावाला आणायला गेली होती, कारण भाचीचं कौतुक मामाशिवाय पुरं होत नाही. नाना केळीचे बागायतदार. कुठल्याही प्रसंगाला रिकाम्या हाताने जात नाहीत.

आवारात नुसती धमाल चालली होती. डिसेंबरची थंडी. एका मांडवात भारूड, शेजारी लेझीम, मैदानात कबड्डी. चेहऱ्याला रंग फासलेला एक राजा कानटोपी घालून चहा पीत होता. ऋतुजा पळत आली. हाताला खरचटलेलं, केसांत काडीकचरा.

“पप्पा, त्या कडुलिंबाखाली माझं काम आहे. परीक्षक तीनला येणार. तोपर्यंत माझं समूहगीत आहे पलीकडे. लक्ष ठेवा हं, कुणी हात लावायला नको!”

“ताबा घेतल्याची पोच देऊ का?”

“पप्पा!” म्हणत ती पळालीसुद्धा.

कडुलिंबाखाली दोन गोष्टी होत्या. डावीकडे रंगीबेरंगी छत्र्या उलट्या टांगलेल्या, खाली पाण्याने भरलेलं घंगाळ, पाण्यात छत्र्यांचं प्रतिबिंब. उजवीकडे दहा पावलांवर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, छातीइतका ढीग. आता यातलं माझ्या मुलीचं कोणतं, हे ओळखायला काय अक्कल लागते? छत्र्या बघताच मला भरून आलं. मी खुर्ची ओढली आणि छत्र्यांसमोर ठाण मांडलं.

आणि पऱ्हाट्या? हिवाळ्यात खानदेशात मोकळ्या जागेवर पऱ्हाट्यांचा ढीग दिसला तर त्याचा अर्थ एकच: भरीत. इथे लग्नाच्या बैठकीपासून निवृत्तीच्या समारंभापर्यंत सगळं भरितावर पार पडतं. विद्यापीठाने सोय केलेली पाहून मला समाधान वाटलं. पहिल्यांदाच एखादी संस्था लोकांचा विचार करताना दिसत होती.

एवढ्यात एक मुलगी आली आणि सरळ एका छत्रीला हात घातला.

“एऽऽ! हात लावायचा नाही!”

“काका, छत्री कलली आहे. नीट करते.”

“कलू दे. तो कलच आहे कलेचा!” (हे मला ऐन वेळी सुचलं.)

“पण काका, हे माझंच आहे. मी चाळीसगावची…”

“बाई, हे माझ्या मुलीचं आहे. आणि मी अभिलेख कक्षात सव्वीस वर्षं काढली आहेत. ‘हे माझंच आहे’ म्हणणारे रोज चार येतात!”

मुलगी रडवेली होऊन निघून गेली. नंतर तिचे सर आले. त्यांच्याकडे मी ओळखपत्र मागितलं. ते गेले. मग संयोजकांपैकी दोघं आले. त्यांना मी लेखी अर्ज मागितला. तेही गेले. बंदोबस्त असा की वाऱ्यालासुद्धा मी दोनदा दरडावलं.

दीडच्या सुमाराला नानांची गाडी आली. मागे माझी बायको, मध्ये वीस किलो हिरवी वांगी, आणि डिकीत भरीत ठेचायची लाकडी बडगी.

“पाव्हणे, वांगे आणले, मिरच्या आणल्या, पात आणली, कळण्याच्या भाकरी आणल्या,” नाना उतरता उतरता म्हणाले. “पऱ्हाट्याच तेवढ्या ऱ्हायल्या! कुठी भेटतीन?”

मी यजमानाच्या ऐटीत हात लांब केला. “त्या काय!”

“वा! कालेजच्या लोकायले अक्कल हाये बरं! आन पोरीचं काम कोणतं?”

“हे. छत्र्यांचं.”

नाना बराच वेळ बघत राहिले. “लय भारी हाये. पन पावसाया तं कवाच गेला.”

बायकोने ढिगाभोवती एक चक्कर मारली. “अहो, या काड्या अशा गोल गोल कोणी रचल्या? आणि आत आरसा ठेवलाय!”

“कुणाचा तरी राहिला असेल,” मी म्हणालो. नानांनी आरशात बघून भांग पाडला आणि तो आरसा झाडाच्या खुंटीला अडकवून ठेवला. सामान हरवू नये म्हणून!

काडी मी ओढली. इतर वेळी मला चूल पेटवता येत नाही, पण त्या दिवशी एका काडीत पेटलं. पऱ्हाट्या इतक्या शिस्तीत रचलेल्या होत्या की जाळ सगळीकडून सारखा लागला. नाना तर भारावले. “पाव्हणे, ज्यानं हे रचलं त्याचा हात धरा! असा जाळ मी जल्मात पाह्यला नही!”

धूर पाहून रखवालदार धावत आला. “ओ भाऊ, आठे आग लावानी परवानगी शे का?”

नानांनी त्याला एक भाकरी दाखवली.

“तसं काही नही,” तो मांडी घालून बसत म्हणाला, “मी फक्त इचारं.”

वांगी तडतडू लागली. शेवटचा जाळ जरा मंदावला म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. गवतात एक पुठ्ठा पालथा पडला होता. मी त्याने वारा घालू लागलो. पाच मिनिटं जोरात वारा घातला. मग दम लागला म्हणून थांबलो आणि सहज पुठ्ठा उलटा केला.

त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘निवारा’. खाली ऋतुजाचं नाव. आमच्याच आडनावासकट.

मी तो पुठ्ठा तीन वेळा वाचला. माझ्या ताब्यात आलेला कागद मी इतका लक्षपूर्वक कधीच वाचला नव्हता.

“काय झालं हो?” बायकोने विचारलं.

मी पुठ्ठा तिच्या हातात दिला.  नानांनी तो तिच्या हातातून घेतला, वाचला, हळूच निखाऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “वांगे तं पलटवा. ते बी जयतीन.”

आणि ऋतुजा आली. गाणं चांगलं झाल्यामुळे हसत आली. आधी तिला धूर दिसला, मग राख, मग तिची आई, मग हातात वांगं धरलेला बाप.   तिने फक्त विचारलं, “आरसा?”

मी झाडाकडे बोट दाखवलं.  आजही तो प्रसंग आठवला की मला माझीच लाज वाटते.

तीनला दहा मिनिटं होती. नव्याने रचायला वेळ नव्हता आणि काड्याही नव्हत्या. परीक्षक आले: शाल पांघरलेल्या एक बाई आणि जाड भिंगांचे एक सर. बाईंनी राखेकडे पाहिलं. “इथे काय संकल्पना आहे?”

मी पुढे झालो. बापाचं काळीज! “मॅडम, निवारा जळतो. मग उरते ती राख. म्हणजे माणसाचं… एकूण… नश्वर…”

बाईंच्या भुवया वर गेल्या. सर वहीत काही लिहू लागले. माझी गाडी रुळावर येत होती!

“नाही मॅडम,” ऋतुजा म्हणाली. “असं काही नाही. मी घरट्यासारखा निवारा केला होता. माझ्या पप्पांनी चुकून जाळला. त्यांना वाटलं, भरितासाठी आहे.”

बाईंनी वाकून निखाऱ्यांवरची वांगी पाहिली. मग म्हणाल्या, “मी इथलीच, यावलची आहे. मलाही तेच वाटलं असतं.”

पण नियम तो नियम. कलाकृती नाही, गुण नाहीत. (भरिताला मात्र दोघांनी दोनदा घेऊन दाद दिली, पण तो रकाना वहीत नव्हता.) पहिला नंबर छत्र्यांना मिळाला. चाळीसगावच्या त्या मुलीने माईकवर सांगितलं, “माझ्या कलाकृतीला तीन तास कुणालाही हात लावू न देणाऱ्या काकांचे आभार. त्यांनी मलासुद्धा लावू दिला नाही.” टाळ्यांचा कडकडाट झाला. मी सवयीने उठून नमस्कार केला. ऋतुजाने सदरा ओढून मला खाली बसवलं.

परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडल्यावर मी म्हणालो, “बेटा, चुकलं माझं. फार चुकलं.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “पप्पा, तुम्ही तीन तास तिथून हललाच नाहीत ना?”

“पाणी प्यायलासुद्धा नाही.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. मी धुळ्यापर्यंत हललो नाही.

आता ती एम.ए. करतेय. यंदाही तिची निवड झाली आहे आणि मला आग्रहाचं बोलावणं आहे, अगदी पहिल्या रांगेत. फक्त मांडणशिल्प सोडून तिने मूकाभिनय घेतला आहे. त्यात रंगमंचावर एकही वस्तू लागत नाही, असं ती सगळ्यांना सांगते. आणि सांगताना माझ्याकडे बघते.