एका ओळीतले पाढे

बायकोची बदली गोंडपिपरी तालुक्यातल्या एका लहान गावातल्या शाळेत झाली, तेव्हा मी नागपूरच्या कंपनीचं काम घरूनच करत होतो. लॅपटॉप कुठेही उघडला तरी कंपनीला फरक पडत नव्हता, म्हणून तिच्यासोबत मीही गेलो. शाळेच्या मागेच दोन खोल्या मिळाल्या. गावात रेंज चांगली यायची ती फक्त शाळेच्या व्हरांड्यात, त्यामुळे दुपारी मी तिथेच खुर्ची टाकून बसलेला असायचो. मी शाळेतलाच कोणी मास्तर आहे, फक्त काही शिकवत नाही, असा पोरांचा समज होता. पोरं मला सर म्हणायची.

पहिली-दुसरी हेडसरांकडे होती आणि तिसरी ते पाचवी, एकाच खोलीत, बायकोकडे. रोज संध्याकाळी ती पट्टीने रेघा मारून पाढ्यांचे कागद तयार करायची. मधले काही आकडे गाळायचे, पोरांनी ते भरायचे. सगळ्यांना सारखाच कागद दिला की एकाची चूक सगळ्या वर्गात फिरायची, म्हणून ती चार प्रकारचे कागद काढायची. तेवढ्यानेही भागत नव्हतं. आपल्यासारखा कागद कोणाकडे आहे, ते पोरं दोन मिनिटांत हुडकून काढायची.

"हे मी एका ओळीत करून देतो," मी म्हणालो.

"नळाची तोटी बी तुमी पाच मिनिटांत बसवून देणार होते," ती रेघ मारता मारता म्हणाली. त्या तोटीला अजून दोरी बांधलेली होती.

पण या वेळी माझ्याकडे खरोखर एक ओळ होती. मी हौसेखातर संगणकाची एक जुनी भाषा शिकत होतो. तिच्यात एकेक आकडा घेऊन बसायचं नसतं, आकड्यांची अख्खी रांगच उचलायची असते. एक रांग आडवी, एक उभी, मध्ये गुणाकाराची खूण, की पाढ्यांचा पूर्ण तक्ता समोर. मी तिला करून दाखवलं. तिने तक्ता नीट पाहिला.

"नाव काय हिचं?"

"एपीएल."

"केशरी कार्डवाली?"

आमच्याकडे एपीएल म्हणजे रेशन दुकानातला, दारिद्र्यरेषेच्या वरचा माणूस. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या भाषेचं नाव केशरी भाषा पडलं. कंपनीतल्या एका मीटिंगमध्येही माझ्या तोंडून ते निघून गेलं होतं.

प्रत्येक पोराला वेगळा कागद, प्रत्येक कागदावर वेगळे आकडे गाळलेले, आणि पाठांतरासाठी भिंतीवर लावायला एक मोठा तक्ता, असं सगळं मी दोन दिवसांत जमवलं. मोटारसायकलने तालुक्याला जाऊन प्रिंट काढून आणले. तक्ता शाळेच्या भिंतीवर लावला तेव्हा बायकोने लगेच पोरांना त्याच्यासमोर बसवलं. ही मी शाबासकीच समजलो आणि व्हरांड्यात येऊन कामाला लागलो.

थोड्या वेळाने आतून वर्गाचा एकसुरी आवाज आला. शून्य एके शून्य, शून्य दुणे शून्य, शून्य त्रिक शून्य. मोजणी शून्यापासून सुरू करायची की एकापासून, हे त्या भाषेत आपल्याला ठरवता येतं. मी सवयीने ती शून्यापासून ठेवली होती. त्यामुळे तक्त्याचा पहिला पाढा शून्याचा होता, तिसाचा पाढा गायबच होता आणि एकाही पाढ्याला दाहे नव्हते. बे नव्वे अठरा म्हटलं की संपलं.

पोरांची काही तक्रार नव्हती. ज्यांना चाराचाही पाढा येत नव्हता त्यांनी शून्याचा एका दमात म्हणून दाखवला. घरी जाऊन आईबापांनाही म्हणून दाखवला, असं नंतर कळलं. शेवटी हेडसर दाराशी आले, तक्ता पाहिला आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "दाहे कुठी ठेवले?"

मी दुसऱ्या दिवशी नवा तक्ता आणला. तेव्हापासून हेडसर माझ्या कामात रस घेऊ लागले. निवृत्तीला आलेला माणूस. पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी असे जुने पाढे त्यांना तोंडपाठ होते आणि ते आता कोणी शिकवत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं. मी म्हणालो, "सर, त्याला काहीच लागत नाही. उभ्या रांगेत पाव, अर्धा, पाऊण, अडीच घातले की झालं." तक्ता निघाला. ते डोळे मिटून अडीचकी म्हणत गेले, मी पडद्यावर बोट ठेवून जुळवत गेलो. एकही चूक नव्हती, दोघांचीही. मग त्यांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं.

"हे शून्य पूर्णांक पंच्याहत्तर काय होय? पाऊण लिव्ह. अन् साडेसातले साडेसात म्हण. हे तं बँकेतल्यासारखं दिसून राह्यलं."

यंत्राला पाऊण आणि साडेसात लिहायला शिकवण्यात मात्र माझा पूर्ण रविवार गेला. आणि ते एका ओळीत बसलं नाही.

एवढं झाल्यावर माणसाने थांबावं. मी पाचवीसाठी 'इतके गुणिले इतके अधिक इतके' अशी मिश्र उदाहरणं काढायला घेतली. उदाहरणं यंत्राने मांडायची, उत्तरांचा कागदही यंत्रानेच काढायचा. बायकोने तो शेजारी ठेवून भराभरा पेपर तपासले. जवळपास सगळ्या पाचवीची उदाहरणं चुकली. फक्त एका मुलाची सगळी बरोबर होती, आणि त्याला त्याआधी कधीच गणितात पूर्ण गुण मिळाले नव्हते. वर्गाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर पाचवीतली एक मुलगी व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. फारशी न बोलणारी, शेतकऱ्याच्या घरची. तिच्या हातात पेपर होता.

"सर, सहा गुणिले दोन अधिक तीन किती?"

मी उत्तरांच्या कागदावर पाहिलं. "तीस."

"पंधरा येते."

"संगणकाने काढलंय बेटा. त्याचं चुकत नाही."

तिने पेपर माझ्यासमोर धरला. मग मला फळ्यावर लिहिलेलं वाचून दाखवावं तसं म्हणाली, "कंचेभागुबेव."

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हा क्रम मीही पाचवीतच पाठ केला होता. आधी गुणाकार, मग बेरीज; पंधराच. आणि मला आठवलं की माझी लाडकी भाषा असा कुठलाही क्रम पाळत नाही. ती उजवीकडून वाचत येते. तिने आधी दोन आणि तीन मिळवले, मग सहाने गुणलं. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हे लिहिलेलं होतं आणि मी ते मोठ्या कौतुकाने वाचलं होतं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं, पण तिने तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "उद्या तुमीच सांगा पोट्ट्यांले. माह्यी हिंमत नाई."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा वर्गात उभा राहिलो. चूक माझी होती, तुमची नव्हती, असं सांगितलं. ती भाषा उलटीकडून कशी वाचते तेही फळ्यावर करून दाखवलं. सगळे ऐकत होते. मग त्या मुलीने हात वर केला.

"मंग तिले कंचेभागुबेव शिकवलं नाई काऊन?"

बायको खिडकीबाहेर पाहत होती, तिचे खांदे मात्र हलत होते. पूर्ण गुण मिळवलेला मुलगा बाकावरून उठला. "माह्यं अन् मशीनचं सेम येत होतं," तो म्हणाला. खरं होतं ते. तो प्रत्येक उदाहरण आधी बेरीज करूनच सोडवायचा. त्याचे गुण परत घेणं मला फार जड गेलं. तो आठवडाभर माझ्या खुर्चीसमोरून मान वळवून जायचा.

त्यानंतर घरचा नियम झाला: उत्तरांचा कागद आधी त्या मुलीने तपासायचा. बक्षीस म्हणून मी तिला यंत्रावर हवा तो पाढा काढू द्यायचो. तिने बरेच दिवस काही मागितलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मात्र म्हणाली, "सत्तरचा पाहिजे."

सत्तर का, ते मला कळलं नाही. बायको म्हणाली, "तेंदूपत्ता." विडीच्या पानांच्या एका पुड्यात सत्तर पानं असतात, आणि हंगामात घरचे सगळे पहाटेच जंगलात जातात. मुलीने दोन्ही रांगा स्वतः टाइप केल्या, मी प्रिंट काढून आणला.

मे महिन्यात गावाबाहेर पुडे मोजायला मांडतात तिथे ती आईसोबत बसलेली दिसली. कागद कामाला येतो का, म्हणून मी विचारलं. आईने हातातला पुडा बांधत सत्तर एके सत्तरपासून सुरुवात केली आणि सत्तर वीस चौदाशेवर थांबली. हात एकदाही थांबला नव्हता.

"कागद चांगला आहे, भाऊ," ती म्हणाली. "पोरगीले शिकाले होते."

पोरगी कागदाकडे न पाहता आईकडे पाहत होती. मग त्यांनी मलाही पुडा बांधायला बसवलं.