टायमकीपरकाकांची शिफारस

रिकामा बसलेला माणूस दिसला की टायमकीपरकाकांच्या अंगाची लाही व्हायची. पावसाळ्यात गोव्यातल्या पाळी गावच्या आमच्या खाणीवर काम बंद असायचं, माणसं शेडमध्ये पत्ते कुटायची, आणि हे छत्री मिटत, काखेत फॉर्मांचा गठ्ठा घेऊन हजर! नोकरांच्या शिक्षणाची फी कंपनी भरते, हे नोटीस बोर्डावर कित्येक वर्षं लागलेलं होतं. वाचतो कोण? काकांनी ते एकेकाला धरून सांगितलं. "पावसात शेतकार शेत पेरता. तुमी काय पेरतास, इस्पिकाची राणी?" असं ते विचारत. माणसं हसायची, पण दोघेतिघे सही करायचेच.

मी बारावी होऊन तिथल्या वजनकाट्यावर लागले होते. भरलेला ट्रक आला की वजन घ्यायचं, त्यातून रिकाम्या ट्रकाचं वजन वजा करायचं, मातीच्या ओलाव्याचं कापायचं, पावती फाडायची. दिवसभर तेच. कायम व्हायचं तर पदवी हवी होती, आणि घरात कमावती मी एकटी. काकांनी फॉर्म माझ्यापुढे आदळला. "बाहेरसून कॉमर्स कर गो बाय." शिफारस करणाऱ्याच्या जागी स्वतःच सही ठोकली. ती सही म्हणजे गंमत नव्हती. उमेदवार नापास झाला तर त्याची फी बंद, आणि शिफारस करणाऱ्याला पुढची दोन वर्षं कोणासाठीही शब्द टाकता येत नसे.

आणि मी पहिल्याच वर्षी अकाउंट्समध्ये आपटले. कशी, ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. उदाहरणात कुणा व्यापाऱ्याने दहा टन माल ट्रकाने मागवला होता. मी शहाणीने हाताच्या सवयीने त्यातून ट्रकाचं वजन वजा केलं आणि वर ओलावाही कापला! पुढचं सगळं गडगडलं.

रडत रडत काकांना सांगितलं. माझ्यापायी त्यांचा शब्द गेला, या विचाराने मान वर होत नव्हती. काका खुर्चीतून पडतील इतके हसले. "परीक्षेतल्या ट्रकाक चाकां नसतत गो माझे बाये!" डोळे पुसले आणि मला थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

"सायबा, आपल्या काट्यार जा आमी शिकवलाव, ताच हिना पेपरात लिवल्यान. मगे दंड हिका कित्याक? फी परत भरूक होयी."

"आणि नियम?" साहेबांनी विचारलं.

"नियम कामचुकारांक, सायबा. हिना तर जास्तीचा काम केल्यान."

साहेबांना हसू आवरेना. फी पुन्हा भरली गेली. पुढच्या खेपेला मी सुटले, यथावकाश बी.कॉम. झाले, कायमही झाले.

काका निवृत्त होऊन मुळगावला घरी बसले. मग खाणी बंद पडल्या आणि कित्येकांच्या तोंडचा घास गेला. मला मात्र त्या पदवीच्या जोरावर मोरजीला एका हॉटेलात अकाउंटंटची नोकरी मिळाली. देवाच्या खालोखाल मी काकांचेच उपकार मानते. पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले, तर नेमणुकीचं पत्र उलटसुलट वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "थय शिकूक फी दितत?"

"नाय काका."

"मगे माग. तोंडात जीभ असा मगो?"

मी हो म्हटलं आणि वर्षभर टाळलं. नवी नोकरी, नवा मालक, कशाला तोंड उघडा!

काका गणपतीच्या चवथीनंतर गेले. बाराव्याला त्यांच्या घरी जेवून परतताना मला माझीच शरम वाटली. आमच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या शेवंताला दहावीला बसायचं होतं, हे मला केव्हाचं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या केबिनचं दार ठोठावलं आणि सगळं सांगून टाकलं.

मालकांनी ऐकून घेतलं. "भरू फी," ते म्हणाले. "पण नापास झाली तर?"

"तर परत भरायची," मी म्हटलं.